स्वाक्षऱ्या जुळत नाहीत

पाकीट दुपारच्या टपालात आलं. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाघरात टपाल वाटणारा शिपाई "मास्तर, तुमचं" म्हणाला आणि पाकीट टेबलावर टाकून पुढे गेला. तो मास्तर नव्हता. तीस वर्षं तो जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत आला होता. कुठल्या रस्त्याखाली किती इंची नळ कुठे वळतो हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण बावीस वर्षं दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मागच्या हॉलमध्ये तो स्काउट पथक चालवायचा, फुकट, स्वतःच्या हौसेने, आणि एवढ्या भांडवलावर खात्याने त्याला मास्तर करून टाकलं होतं. पाकिटात काडीची प्रगतिपुस्तिका होती. काडी म्हणजे त्याचा पथकनायक, सतरा संपत आलेला, उंच आणि इतका बारीक की पहिल्याच दिवशी पोरांनी त्याचं बारसं करून टाकलेलं. पुस्तिका सर्वोच्च पदकासाठी वरच्या कार्यालयात गेली होती आणि आता ती प्रमाणपत्र घेऊनच परत येणार असं त्याने धरून ठेवलं होतं. प्रमाणपत्र नव्हतं. टाचणीने लावलेली एक टंकलेली चिठ्ठी होती. स्वाक्षऱ्या जुळत नाहीत. सदर स्काउटने व स्काउट मास्तरांनी समितीपुढे हजर राहून खुलासा करावा. त्याने ती दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा, आणि खिशातल्या उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासायला लागली आहेत हे त्याला कापडाच्या सळसळीवरून कळलं.

पुस्तिका त्याने डाव्या हाताने चाळली. दोर बांधणं, होकायंत्र वाचणं, प्रथमोपचार, पोहणं, तंबू ठोकणं, नकाशा काढणं. प्रत्येक परीक्षेपुढे तारीख आणि त्याची सही. पहिल्या पानावरची सही ऐसपैस होती, सुरुवातीच्या अक्षराला मोठा वेलांटा, शेवटी खाली ओढलेली एकच सरळ रेघ. ती रेघ म्हणजे त्याची मिरास होती. नकाशाघरात नवीन पोरगा आला की साहेब त्याला याच्या टेबलाशी आणून म्हणायचे, रेघ मारावी तर यांनी. चौथ्या पानावर वेलांटा आखडला होता. सातव्यावर रेघ अर्ध्यातच संपली होती. आणि शेवटच्या दोन वर्षांच्या पानांवर सही म्हणून जे काही होतं ते मुंगीने पाय पुसावेत इतकं बारीक होतं, बारीक आणि वर चढत गेलेलं. त्याने ती पानं पहिल्यांदाच एका बैठकीत सलग पाहिली. प्रत्येक सही करताना ती त्याला बरी वाटली होती, कालच्यासारखीच वाटली होती. पोरगं पायरी पायरीने वर गेलं होतं आणि शेजारच्याच रकान्यात आपण पायरी पायरीने उतरत होतो. कार्यालयात कुणीतरी कारकुनाने भिंगाशिवाय ते पाहिलं होतं आणि जो निष्कर्ष काढायचा तो काढला होता, की सुरुवातीच्या सह्या मास्तरांच्या, पुढच्या पोराने स्वतःच ठोकल्या. कारकुनाची तरी काय चूक? त्याच्या जागी तो असता तर त्यालाही हेच वाटलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं दोन वर्षांपूर्वी. कंपवात. जिवाला धोका नाही, पण बरा होत नाही. हात स्वस्थ ठेवलात की थरथरेल, आणि अक्षर बारीक होत जाईल, ते तुमचं तुम्हाला कळणार नाही. हे शेवटचं त्याने ऐकून सोडून दिलं होतं, कारण त्याला फक्त थरथर लपवायची काळजी होती. आणि लपवायला, खरं म्हणजे, स्काउटसारखी दुसरी जागा नाही. सलामीला हात वर नेला की तो शहाण्या मुलासारखा स्थिर राहायचा. हात मिळवायचा तो स्काउटात डाव्या हाताने, आणि त्याचा डावा अजून धड होता. आणि तिसरी गोष्ट त्याची स्वतःची होती, आजार यायच्या वीस वर्षं आधीची. पोरं काही करत असतील तेव्हा मोठ्यांचे हात खिशात. तंबू कोसळू दे, चूल विझू दे, गाठ सुटू दे, मोठ्यांनी पुढे व्हायचं नाही. पोरांच्या हातातलं काम काढून घेतलं की पोरांच्या हातातून सगळंच जातं. इतर पथकांचे मास्तर त्याच्याकडे बघून शिकायचे. मेळाव्यात एकदा त्याला मंचावर बोलावून यावर बोलायला लावलं होतं, आणि तो दोन्ही हात खिशात घालून बोलला तेव्हा लोक कौतुकाने हसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेली दोन वर्षं त्याचे हात खिशात पाहून कुणाला काही वाटलं नव्हतं, उलट त्याचं नाव होत होतं, आणि तो मनातल्या मनात दरवेळी थोडा मरत होता.

घरी बायकोने चिठ्ठी वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. ती कपडे दुरुस्त करून द्यायची. समोरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र आणि लोकांच्या पँटींचा ढीग. त्याच्या सगळ्या शर्टांना आणि गणवेशालाही तिने आतून टिचबटणं लावली होती आणि वरून काजांवर नुसती दिसायला बटणं शिवली होती, न बोलता, एका आठवड्यात. त्यानेही त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "एकदाचं सांगून मोकळे व्हा."

"सांगतो ना. सांगायलाच लागणार."

"सांगतो म्हणजे कसं सांगाल? मला म्हणून दाखवा बघू."

"आता तुला काय म्हणून दाखवू? तुला माहिताय."

"माहितीये म्हणूनच म्हणते. मला सांगताना तोंड उघडत नाही ना, मग तिथे तरी कशी जीभ उचलेल? अहो, पोराला चोर ठरवतायत ते."

"कुणी ठरवत नाही. खुलासा मागितलाय."

"अठरा कधी पूर्ण होतात त्याला?"

तेवीस दिवसांनी. हे त्याला पाठ होतं. पदक अठराच्या आत, पुढे एक दिवसही नाही, आणि पदक असलं की वनशाळेत काडीला परीक्षेशिवाय घेणार होते. काडीला दुसरं काही नको होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बापाचं म्हणणं होतं की आपल्याच कंपनीत चिकट, काळोख्या बोळातून वरखाली करण्यात पिढी गेली, आणखी एक जाईल. आणि काडीने बापाला सांगून ठेवलं होतं की पदक मिळालं तर झाडं, नाही मिळालं तर लिफ्ट. "मी सांगेन," तो बायकोला म्हणाला. "पण त्यानंतर पथक राहत नाही, हेही लक्षात घे. नियम आहे. धडधाकट मोठं माणूस नसेल तर पथक बंद. दुसरं कोण येतंय रविवारची झोप मोडून? हात दाखवून अवलक्षण." बायकोने एक पँट ओढून घेतली आणि तिची शिवण उसवायला लागली. हा मुद्दा आपण पथकासाठी काढला की स्वतःसाठी, असा प्रश्न त्याला तेव्हाच पडला होता, आणि तो त्याने तसाच पडू दिला.

रविवारी हॉलमध्ये पोरं नेहमीसारखी रांगेत उभी राहिली. काडीने हाक दिली, सलामी झाली, संघ आपापल्या कोपऱ्यात गेले. तो भिंतीला टेकून उभा राहिला, हात खिशात. धाकट्या संघातला बारक्या, पथकात येऊन जेमतेम दोन महिने झालेला, दोराशी झगडत होता आणि काडी त्याच्यासमोर उकिडवा बसून बघत होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. ही त्याची स्वतःची युक्ती, काडीने उचललेली. किती उचललं होतं या पोराने! बोलताना वाक्याआधी घेतलेला श्वास, चूक झाली की "बरं, आता?" एवढंच म्हणणं. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि कुणी त्यावरून कीव केली की तो म्हणायचा, चौदा आहेत की, दरवर्षी बदलून मिळतात. पण हा बदलून गेला नव्हता. आणि मग बघता बघता त्याला दुसरंही दिसायला लागलं. हजेरीची वही काडीच वाचत होता, कधीपासून? शिट्टीची दोरी काडीच त्याच्या गळ्यात घालत होता, दारातच, गंमत केल्यासारखी. परीक्षा झाली की पुस्तिका हातात न देता टेबलावर सपाट धरायचा, दोन्ही कोपरे दाबून, म्हणजे कागद हलू नये. हे सगळं चालू होतं आणि तो समजत होता की कुणाला काही कळलेलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खालीच कुठेतरी, सांगायला नको पण, बरंही वाटलं.

"सर, काय आलं वरून?" पांगापांग झाल्यावर काडीने विचारलं.

"किरकोळ शंका आहे रे. सह्यांबद्दल. जाऊ आपण दोघं, सांगून टाकू."

"मी काय सांगायचं?"

"तू काही नाही. तू खरं तेच सांग. बाकी मी आहे ना."

काडीने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि "हो सर" म्हणून सतरंज्या गुंडाळायला गेला. बाकी मी आहे ना. हे वाक्य त्याने बावीस वर्षांत एकाही पोराला म्हटलं नव्हतं. एकदा शिबिरात ओढ्यावर दोराचा पूल बांधला होता आणि काडी, तेव्हा चौदाचा, मधोमध अडकला. खाली कमरेइतकंच पाणी, पण गार, आणि पोरगं घाबरलेलं. "सर, हात द्या ना," तो ओरडला होता. हात द्यायला दोन पावलं पुरली असती. तो काठावर हात खिशात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "बरं, आता?" पोरगं दहा मिनिटं तिथे रडलं आणि मग स्वतःच्या पायांनी पलीकडे गेलं, आणि पलीकडे पोचल्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला की तो चेहरा याने पुढे अनेक नव्या मास्तरांना वर्णन करून सांगितला. तेव्हा त्याचे हात धड होते. त्या दिवशी हात न देणं ही त्याची आयुष्यातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात बरोबर गोष्ट, असं तो मानत आला होता. आता सतरंज्या गुंडाळणाऱ्या त्या पाठीकडे बघताना त्याला पहिल्यांदाच वाटलं की त्या दहा मिनिटांत पोराला नक्की काय कळलं असेल हे आपण कधी विचारलेलंच नाही.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पलीकडे तिघं: मधे अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, पांढरेशुभ्र केस आणि खडूची सवय न गेलेली बोटं, एका बाजूला दाताचे डॉक्टर, जे स्वतः लहानपणी स्काउट होते आणि ते दर वेळी सांगायचे, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा चिटणीस. पाण्याचे पेले भरून ठेवलेले. त्याने पेल्याला हात लावला नाही. वाक्य त्याने तयार करून आणलं होतं, जिना चढताना प्रत्येक पायरीला एकदा म्हटलं होतं. सह्या माझ्याच आहेत, मला कंपवात आहे. इतकंच. दहा सेकंदांचं काम. बाईंनी पुस्तिका उघडून पहिलं पान आणि शेवटचं पान असं दोन बोटांत धरलं.

"मास्तर, रागावू नका. तुमच्यावर कुणाचा संशय नाही, तुमचं नाव आम्ही इतरांना उदाहरण म्हणून देतो. पण हे बघा. हे एका माणसाचं अक्षर वाटतं का तुम्हाला?"

"नाही वाटत," तो म्हणाला, आणि पुढचं बोलण्यासाठी त्याने श्वास घेतला.

"नाही ना? मग झालं." बाईंनी श्वास पुरा होऊ दिला नाही. "आता, तुमच्याच असतील, तर प्रश्न वेगळा होतो. तर मग तब्येतीचं काही आहे का, हे विचारावं लागेल. आणि तसं असेल तर शिबिरं, पाणी, चूल, एवढी पोरं, ती तुमच्या हवाली ठेवता येणार नाहीत. मला आवडणार नाही ते, पण नियमापुढे इलाज नाही. पथक बंद करून पोरं दुसरीकडे वर्ग करावी लागतील. दुसरं पथक नदीपलीकडे, तिथवर किती जातील देव जाणे. म्हणून म्हणते, नीट बघून सांगा."

डॉक्टर हसत म्हणाले, "अहो, एवढं कशाला? मास्तर इथे एक सही करतील, आपण बघू, मिटलं." त्यांनी कोरा कागद सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

कागद अगदी जवळ होता. त्याने हात बाहेर काढायचं ठरवलं, आणि हात निघाला नाही. म्हणजे हाताला काही झालं नव्हतं. खिशात तो नेहमीसारखा थरथरत होता, जिवंत, त्याचा स्वतःचा. अडलं ते दुसरीकडेच. त्याच्या डोळ्यांपुढे रविवारची रिकामी सकाळ आली. दाढी करून झालेली आणि जायला कुठे नाही. बायकोचं यंत्र चालू. नकाशाघरात सगळे "मास्तर" म्हणायचे थांबतील, किंवा थांबणार नाहीत, जे जास्त वाईट. त्याला बारक्या आठवला आणि तेरा इतर पोरं, आणि त्यांना त्याने घाईघाईने स्वतःच्या पुढे उभं केलं, ढालीसारखं: या चौदांसाठी. एका पोराचं पदक की चौदांचं पथक. हिशेब बरोबर होता. हिशेब इतका बरोबर होता की त्याच्या बरोबरपणाचीच त्याला शिसारी आली, तरी तो तसाच बसला. कुठेतरी पंखा कुरकुरत होता. चिटणिसाने लिहायचं थांबवून वर पाहिलं. किती वेळ गेला? अर्धं मिनिट असेल, एकही असेल. शेजारच्या खुर्चीत काडी सरळ बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि त्याच्याकडे बघत होता. मदतीसाठी बघत नव्हता. परीक्षा घेणारा बघतो तसा बघत होता.

"त्या मी केल्यात," काडी म्हणाला.

बाईंनी मान वळवली. "कुठल्या?"

"शेवटच्या दोन वर्षांच्या. सरांना माहीत नव्हतं. परीक्षा दिल्या होत्या मी, पण सही घ्यायची राहून जायची. मग मीच करत गेलो."

"असं कसं राहून जायची? दोन वर्षं?"

"कंटाळा केला, बाई."

कंटाळा! या पोराने. खोटं बोलायची इतकी सवय नव्हती त्याला की पहिल्याच खोट्यात त्याने जगातली सगळ्यात अशक्य गोष्ट सांगितली, आणि ती तिथे कुणालाही खटकली नाही. डॉक्टरांनी च् च् केलं. बाईंचा चेहरा उतरला, पण त्यात सुटकाही होती. खोलीतल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यांवर होती. प्रश्नाला उत्तर मिळालं होतं आणि ते स्वस्तात मिळालं होतं. अजूनही वेळ होता. बाई बोलत होत्या, की खरं सांगितलंस हे चांगलं केलंस, पण पदक मिळणार नाही, आणि पथकनायकपदही. आणि त्या बोलत असताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक एवढीशी फट येत होती जिच्यातून एक शब्द आत टाकता आला असता. खोटं आहे. नाही. थांबा. काहीही चाललं असतं. तो मूग गिळून बसला. शेवटी बाईंनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला काही म्हणायचंय?" आणि तो म्हणाला, "पोरगा चांगला आहे." हे मात्र त्याच्या तोंडून ताबडतोब निघालं.

जिन्यावर त्याने काडीला गाठलं. पोरगं भराभर उतरत होतं आणि त्याला आता तितक्या भराभर उतरता येत नव्हतं.

"अरे, का बोललास असं? मी सांगणार होतो."

काडी खालच्या पायरीवर थांबला, वळला नाही. "मी थांबलो होतो, सर," तो म्हणाला. "बराच वेळ थांबलो होतो."

मग तो खाली गेला आणि दार उघडून रस्त्यावर गेला.

घरी बायकोने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पाहून काही विचारलंच नाही. जेवताना मात्र म्हणाली, "मग? काय म्हणालात?" त्याने जे झालं ते सांगितलं, पुष्कळ सांगितलं, पंखा, पेले, डॉक्टरांचं हसणं, नियम, नदीपलीकडचं पथक. ती घास हातात धरून ऐकत राहिली. "ते सगळं झालं," ती म्हणाली, "तुम्ही काय म्हणालात?" त्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला जवळ ओढला. तिने ताट तसंच उचललं आणि आत गेली. बावीस वर्षं रविवारी ही बाई एकटी घरात बसली होती आणि एकदाही कुरकुरली नव्हती, कारण तिला वाटत होतं तो तिथे काहीतरी मोठं करतो आहे. आता ती आत भांड्यांचा आवाजही न करता उभी होती, आणि तिच्याकडे जायची त्याला हिंमत झाली नाही.

अजून दिवस होते. अठरा व्हायला सतरा दिवस, मग सोळा. एक पत्र लिहायचं आणि ते टाकायचं, की झालं. पहिल्या पत्रात त्याने नियमांबद्दल फार लिहिलं म्हणून ते फाडलं. दुसरं चांगलं जमलं होतं, पण दुसऱ्या दिवशी वाचताना त्याला दिसलं की ओळी खाली खाली बारीक होत जाऊन शेवटची ओळ वाचताच येत नाही; तेच पत्र पुरावा म्हणून पुरलं असतं, नुसतं पाकिटात घालायचा अवकाश होता. ते त्याने टेबलाच्या खणात ठेवलं. रविवारी काडी आला नाही. पोरांनी विचारलं, त्याने सांगितलं, अभ्यास आहे. पण हवेतल्या गोष्टींना पाय असतात, पुढच्या रविवारी पोरांना सगळं माहीत होतं आणि बारक्याने त्याला विचारलं, "सर, काडीदादा खोटारडा होता का?" त्याने हात खिशात ठेवून बारक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोराकडे लक्ष दे." बारक्याची गाठ जमली त्या दिवशी. त्याने शाबासकी दिली, आणि सही मात्र पुढच्या वेळी देतो म्हणाला. मग सात दिवस राहिले, मग चार, मग त्याने मोजायचं सोडलं. आणि एका मंगळवारी नकाशाघरात दुपारी डबा उघडताना त्याच्या लक्षात आलं की काल काडीला अठरा पूर्ण झाली. काही कोसळलं नाही. त्याला वाटलं होतं त्या दिवशी आपल्याला काहीतरी होईल. त्याने डबा संपवला. पत्र खणातच होतं, आणि आता त्याचा कुणालाच उपयोग नव्हता, म्हणजे आता ते टाकायलाही हरकत नव्हती.

त्यानंतर आठवड्याने काडी नकाशाघरात आला. अंगात लिफ्टच्या कंपनीचा निळा सदरा, खिशावर वंगणाचा डाग, केस बारीक कापलेले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याने रागासाठी उत्तरं तयार ठेवली होती. आजूबाजूच्या टेबलांवरच्या दोघातिघांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या.

"बस ना," तो म्हणाला. "कसं चाललंय काम?"

"बरं आहे. वर चढायचं असतं, तेवढं येतंच." काडी बसला नाही. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पथक सोडल्याचा दाखला, सर. नाव कमी करायला लागतो म्हणे. मला काही गरज नव्हती, पण आई म्हणाली अर्धवट काही ठेवू नये."

छापील कागद होता. नाव, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख. कारण या रकान्यात काडीने आपल्या नीटस अक्षरात लिहून आणलं होतं: वय पूर्ण झाल्यामुळे. खाली स्काउट मास्तरांच्या सहीची ओळ. त्याने कागद पुढे घेतला, आणि या वेळी हात खिशातून काढला. हात बाहेर आला, उघडा, नकाशाघराच्या लख्ख उजेडात, आणि अंगठा तर्जनीवर घासत राहिला. काडीने तो पाहिला. दोघांनीही पाहिला. त्याने पेन धरलं आणि कागदावर टेकवलं. टोकाने एक ठिपका काढला, त्याच्याजवळच दुसरा, मग एक अक्षर, जे अक्षर नव्हतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकलं. त्याला वाटलं, एवढं तरी आपण करू, देवा, एवढं तरी. आणि पेन जागच्या जागी टकटक करत राहिलं.

"राहू द्या, सर," काडी हळूच म्हणाला. "इकडे द्या."

"अरे, पण माझीच लागेल ना..."

"काय फरक पडतो? सगळ्यांना माहीतच आहे, मला येते म्हणून."

काडीने पेन काढून घेतलं, हळुवार, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसं. कागद स्वतःकडे फिरवला. क्षणभर थांबला आणि मग न चाचरता सही केली. सुरुवातीच्या अक्षराला मोठा वेलांटा आणि शेवटी खाली ओढलेली सरळ, लांब, तीस वर्षांच्या हाताची रेघ. अशी सही त्याच्या स्वतःच्या हातून गेल्या चार वर्षांत झाली नव्हती. काडीने आयुष्यात केलेली ही पहिली खोटी सही होती, आणि हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. काडीने शाईवर फुंकर घातली आणि कागद त्याच्यापुढे धरला, परीक्षा दिल्यावर धरायचा तसा, बघून घेण्यासाठी.

"छान," तो म्हणाला.